कॅमेरा बदलावा की घराणे?

गाण्यात जशी घराणी असतात, तशी ती कॅमेऱ्यांतही असतात. निकॉनवाला कॅनॉनवाल्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती पाहिली की मला किराणा घराण्याच्या बैठकीला भिडेखातर आलेला आग्रेवाला आठवतो. आता तर सोनीवालेही येऊन पुढच्या रांगेत बसले आहेत. आणि मध्यमवर्गीय माणसाने नवा कॅमेरा घ्यायचे नुसते मनात आणले, की ही सारी मंडळी त्याला एकदम सल्ला देऊ लागतात.

मी निकॉनच्या घराण्यातला. तोही निष्ठेने नव्हे, योगायोगाने. गावोगावचे वीरगळ आणि शिलालेख टिपण्यासाठी २०१४ साली मी निकॉनचा डी ७१०० घेतला आणि पुढे जमेल तशी तीन भिंगे, बाजारच्या भाषेत लेन्स, गोळा केली. यंदा त्या कॅमेऱ्याचे शटर थकले. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरात ठरले की, आता नवाच घ्यावा. थांबण्याची सोय नव्हती. एका वर्षी टिपलेला वीरगळ पुढच्या वर्षी ऑइलपेंटच्या जाड थराखाली गेलेला मी पाहिला आहे. अशा वेळी वाचता येईल असा फोटो, एवढेच काय ते मागे उरते.

एक स्नेही म्हणाले, "सर, सोनी घ्या. निकॉनचे दिवस संपले." दुकानदाराने कॅनॉन पुढे केला. मी मात्र आधी इतिहास चाळला.

वाचकहो, कॅमेऱ्याचे घराणे नावावरून ठरत नाही, ते माउंटवरून ठरते. माउंट म्हणजे भिंग जेथे फिरवून बसवतात ते धातूचे कडे. निकॉनने १९५९ साली आणलेले एफ माउंट कित्येक दशके चालवले. कॅनॉनने १९८७ साली जुने एफडी माउंट सोडून ईएफ काढले, तेव्हा जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर सरळ बसेनात. घराण्याला चिकटून राहिलेल्यांचीही पुंजी अडकली. कोनिका मिनोल्टाने तर २००६ साली कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. तात्पर्य, आपण कंपनीशी एकनिष्ठ राहिलो म्हणून कंपनी आपल्या भिंगांशी एकनिष्ठ राहील, असे नाही.

२०१८ साली निकॉन आणि कॅनॉन या दोघांनीही बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट काढली. आरसा गेला, त्यामुळे भिंग सेन्सरच्या जवळ आणता आले. निकॉनच्या एफ माउंटात कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, नव्या झेड माउंटात ते अवघे १६ मिलिमीटर. मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढायला निकॉन एफटीझेड नावाचे एक पोकळ कडे विकते. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राची प्रत बिघडत नाही. पण भिंग फिरवणारी मोटारही नाही, आणि खरी मेख तेथेच आहे.

म्हणजे 'आहे त्याच घरात राहतो' असे म्हणणाऱ्यालाही बिऱ्हाड हलवावे लागणारच होते. मग प्रश्न एवढाच उरला, की सामानापैकी बरोबर काय येते?

आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. कोणती कंपनी थोर, यात त्यांना रस नव्हता. त्यांनी एक कागद घेतला आणि प्रत्येक भिंगाबद्दल तीन प्रश्न विचारले : नव्या कॅमेऱ्यावर हे बसते का? बसले तर पूर्वीसारखे चालते का? आणि तुम्ही हे खरोखर किती वापरता? तिसऱ्या प्रश्नाला मी मोघम उत्तर देऊ लागलो, तोच मुलीने संगणक उघडला. फोटो कोणत्या भिंगाने घेतला याची नोंद डिजिटल फोटोच्या पोटातच असते.

हिशेब असा निघाला. जवळच्या कामाचे ४० मिलिमीटरचे मायक्रो भिंग सर्वांत जास्त वापरलेले. त्याची मोटार त्याच्या अंगातच आहे, म्हणून कडे लावून ते आपोआप फोकस होते. १८-१४० चे झूमही तसेच. ५० मिलिमीटरचे जुने डी जातीचे भिंग मात्र कॅमेऱ्यातल्या मोटारीवर चालणारे. नव्यावर ते हातानेच फोकस करावे लागते. पण दगड कोठे पळतो? तिपाई लावायची, बाजूने तिरपा उजेड पाडायचा, अक्षर पडद्यावर मोठे करून पाहायचे आणि सावकाश कडे फिरवायचे. शिलालेखाला घाई नसते.

घाई असते ती मुलीला. ती कॉलेजच्या कबड्डी संघाचे फोटो काढते, तेही संध्याकाळच्या दिव्यांत. तेथे हाताने फोकस करेपर्यंत चढाई करणारी परतसुद्धा गेलेली असते, आणि आमचे झूम अंधारात अपुरे पडते. त्या कामासाठी कोणत्याही घराण्यात गेलो तरी नवे भिंग घ्यावेच लागणार होते.

माझी मायक्रो आणि झूम ही दोन्ही भिंगे लहान सेन्सरसाठी केलेली. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्यांना मधलाच भाग मिळतो. म्हणून आम्ही निकॉनचाच, पण लहान सेन्सरचा झेड ५० II घेतला. सोनीकडे जाऊन तीन भिंगे नव्याने घेण्याइतका पैसा आमच्या कागदावर कोठे बसेना.

माझ्या एका सहकाऱ्याचा हिशेब अगदी उलटा निघाला. त्यांच्याजवळ कॅमेऱ्याबरोबर आलेले एकच भिंग होते. त्यांना मी बिनदिक्कत सांगितले, की हातात धरून पाहा, बटणे बोटांना मानवतील तो घ्या. सोनीने २०११ साली ई माउंटची मूलभूत माहिती बाहेरच्या भिंग-कारखानदारांना खुली केली. त्यामुळे तेथे निवडही भरपूर. ते सोनीवाले झाले आणि सुखात आहेत.

आमच्या कागदावर आता एकच ओळ शिल्लक आहे : कबड्डीचे भिंग. तिच्यापुढे सौभाग्यवतींनी पेन्सिलीने लिहिले आहे, 'पुढची दिवाळी'.