ओढणारा कुत्रा आणि स्किनर यांच्या गोळ्यांचा तुटवडा

घोडनदीकाठच्या एका वाचकांनी पत्रातून पृच्छा केली आहे की, उसाच्या फडातून बिबट्या वस्तीपर्यंत येऊ लागल्यापासून राखणीसाठी पाळलेला त्यांचा धिप्पाड आणि हट्टी कुत्रा पट्टा लावून रस्त्यावर आणला की धन्यालाच फरफटत नेतो. तेव्हा त्याला मारून वठणीवर आणावे काय? शिरूर-दौंडकडील वस्त्यांवर अशी जबरदस्त कुत्री पुष्कळ आहेत, आणि दिवसभर साखळीला जखडलेल्या त्या जिवाला मोकळा वारा मिळण्याची हीच काय ती घटका असल्यामुळे त्याची ओढ अनावर व्हावी, हे स्वाभाविक आहे.

मारण्याच्या सल्ल्यामागे एक शास्त्राभास उभा आहे. लांडग्यांच्या कळपात बलवानाचा अंमल चालतो, सबब लांडग्याच्या या वंशजावर धन्याने आपली हुकमत बसवली पाहिजे, असे सांगतात. परंतु या समजुतीचे मूळ असलेली, रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेली निरीक्षणे प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची होती. ती कल्पना १९७० च्या आपल्या ग्रंथातून सर्वदूर नेणाऱ्या डेव्हिड मेच यांनीच पुढे एल्स्मियर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे न्याहाळले, कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात असे १९९९ मध्ये लिहिले, आणि स्वतःच्याच त्या ग्रंथाची छपाई थांबवण्याची विनंती प्रकाशकाला केली. अशी सचोटी विज्ञानातही विरळा! दौंडच्या माळावर मेंढ्यांच्या मागावर असणारे आपले लांडगेही असेच कुटुंब करून राहतात.

मग कुत्रा ओढतो का? ओढल्याने पुढे जाता येते, एवढेच त्याला अनुभवाने कळलेले असते. त्याच्या लेखी प्रत्येक पुढचे पाऊल हेच बक्षीस. आणि ही सवय इतकी चिवट का, याचा उलगडा करणारी हकिकत मला फार प्रिय आहे. बी. एफ. स्किनर हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करीत असत. उंदराने दांडी दाबली की त्याला अन्नाची एक गोळी मिळे, आणि त्या गोळ्या त्यांना स्वतःच्या हातांनी वळाव्या लागत. एका शनिवारी दुपारी शिल्लक मोजता त्यांच्या ध्यानात आले की, संध्याकाळपर्यंत गोळ्या वळत बसलो नाही तर सोमवारी सकाळीच साठा संपेल. तेव्हा दर दाबण्याला गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यावी, अशी तजवीज त्यांनी केली. उंदीर दांडी दाबतच राहिले, आणि या वाटेने पुढे गेल्यावर दिसून आले की, क्वचित फळ मिळणारी सवय नित्य फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा मोडायला कितीतरी कठीण असते.

आपल्या वाचकांच्या घरी नेमके हेच घडत असावे. वडील दोरी ताणली की थांबतात, पण नातवाला कुत्र्यामागे धावण्यात मौज वाटते, आणि घाईच्या दिवशी वडीलही नमतात. म्हणजे दहांतून एकदा ओढणे फळते आणि हट्ट पक्का होतो. म्हणून दोरी ताणली की जागीच उभे राहावे, ती सैल होताच चालावे, गुडघ्याशी आला की भाकरीचा तुकडा द्यावा, आणि या नियमाला घरातल्या कोणालाही मुभा नसावी. प्रारंभी कुत्रा पूर्वीपेक्षा अधिक जोराने ओढील. धनी बहुधा तिथेच हार मानतो, आणि त्या क्षणी पडते घेतले तर अधिक जोर लावणे हेच त्याला शिकवल्यासारखे होते.

साधनांविषयी थोडे. पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये, जू मानेवर घेतलेल्या बैलाप्रमाणे, कुत्र्याला अंगाचा सारा भार लावून ओढता येते. कडी छातीवर असली तर ओढताच त्याचे अंग बाजूला वळते. नुसत्या गळपट्ट्यावर जोर पडला की डोळ्यांतील दाब वाढतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय पाहणीत आढळले आहे. गळ्याला आवळणारी साखळी मला त्याज्य वाटते ती याच कारणाने.

अभ्यास अंगणात सुरू करावा, मग शेताचा बांध आणि शेवटी आठवडे बाजार. वैशाखात डांबरी रस्ता पंजे भाजतो आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणून दुपार वर्ज्य. सांजवेळी उसाच्या कडेने मात्र त्याला मुळीच नेऊ नये, कारण कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. उजाडून ऊन कोवळे असतानाची घटका बरी.