गाडी चालू, चावी खिशात!

सकाळची घाई. बंगळुरूच्या पीण्या इंडस्ट्री मेट्रो स्थानकाशी पती गाडीतून उतरतात, तुम्ही चालकाच्या जागेवर बसता. निघताना गाडी पीं पीं करते, समोर चावीचं चिन्ह लुकलुकतं. पण गाडी चालते आहे ना, मग काय बिघडलं? भाजी घ्यायला थांबून इंजिन बंद करता आणि मग ते पुन्हा सुरूच होत नाही. कारण चावी पतीच्या खिशात मेट्रोने केव्हाच पुढे गेलेली असते!

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं हे वैशिष्ट्य आहे. गाडी आणि चावी रेडिओ लहरींनी एकमेकींना ओळखतात. चावी दूर गेली तर गाडी इशारा देते, इंजिन मात्र सहसा बंद करत नाही. चावीतली बॅटरी भर रस्त्यात संपून इंजिन थांबलं, तर जिवावर बेतेल.

पण हीच सोय चोरालाही उपयोगी पडते. पीण्यात वर्कशॉपसमोर ‘दोनच मिनिटं’ म्हणत कित्येकजण एसी चालू ठेवून उतरतात. चावी खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चालू गाडी कोणीही पळवू शकतो. आत मूल असेल, तर धोका आणखी मोठा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावणं किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. विम्यातही फटका बसतो. चावी आत राहिलेला एक ट्रक चोरीला गेला, तेव्हा २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाला विमा रकमेच्या ७५ टक्केच मंजूर केले. तेही कोर्टकचेऱ्या केल्यावर!

बंद गॅरेजमध्ये तर चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याला वास नसतो. अमेरिकेत अशा दुर्घटना घडल्यावर २०२१ च्या कायद्यात इंजिन आपोआप बंद होण्याच्या सोयीची तरतूद करावी लागली.

हे लक्षात ठेवा

• चालक बदलताना आधी चावी मागून घ्या.
• इशारा वाजला की निघू नका, चावी शोधा.
• उतरताना इंजिन बंद, हँडब्रेक वर, दार लॉक.
• मुलांना गाडीत एकटं सोडू नका.

दोन मिनिटांच्या गारव्यासाठी एवढी जोखीम कशाला?