सुरजागडचं लोहखनिज आणि समीकरणातले अंक

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात हेमेटाइट हे लोहखनिज आहे. त्यात लोहाच्या दर २ अणूंमागे ऑक्सिजनचे ३ अणू जखडलेले असतात. स्पंज आयर्नच्या कारखान्यात हा ऑक्सिजन काढून घेतात. दहावीच्या रासायनिक समीकरणांच्या धड्याला इथल्या मुलांसाठी याहून जवळचं उदाहरण नाही.

या धड्यातला सर्वांत हट्टी गैरसमज असा, की दोन्ही बाजू जुळवण्यासाठी कुठलाही अंक बदलला तरी चालतो. ऑक्सिजन जमेना, की विद्यार्थी हेमेटाइटच्या सूत्रातला ३ खोडून २ करतो. पण तसं केलं की पदार्थच बदलतो. सूत्रातला खालचा अंक निसर्गाने ठरवलेला असतो. आपल्या हाती फक्त सूत्राआधीचा सहगुणक. म्हणून १ हेमेटाइट आणि ३ कार्बन मोनॉक्साइड यांपासून २ लोह आणि ३ कार्बन डायऑक्साइड. अणू मोजून पाहा: दोन्हीकडे लोहाचे २, कार्बनचे ३, ऑक्सिजनचे ६.

‘पण डावीकडे ४ आणि उजवीकडे ५ झाले!’ होऊ द्या. जुळायला हवेत ते अणू. सहगुणकांची बेरीज नव्हे.

सहगुणक म्हणजे किलोही नव्हेत. १६० किलो शुद्ध हेमेटाइटला ८४ किलो कार्बन मोनॉक्साइड लागतो. मिळतं ११२ किलो लोह आणि १३२ किलो कार्बन डायऑक्साइड. दोन्हीकडे २४४. खाणीतल्या खनिजात सिलिकासारखी भेसळ असते, म्हणून प्रत्यक्षात लोह कमी निघतं.

चंद्रपूरच्या कोरपना तालुक्यात सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. त्या समीकरणात सगळे सहगुणक १, तरी १०० किलो शुद्ध चुनखडीतून चुना निघतो ५६ किलोच. बाकीचं ‘जळून गेलं’ असं आपण सहज म्हणतो. ते ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून हवेत गेलेलं असतं. कोळशाचंही तेच: १२ किलो कार्बन पूर्ण जळाला, की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. राख हलकी दिसते म्हणून द्रव्य नाहीसं झालं असं मानणं औष्णिक वीज केंद्राच्या जिल्ह्यात तरी परवडणारं नाही.

संतुलित समीकरणात सगळी प्रक्रिया दिसते, असंही समजू नये. भट्टीत हेमेटाइटचं आधी मॅग्नेटाइट होतं, मग कमी ऑक्सिजनचं आणखी एक ऑक्साइड आणि शेवटी लोह. स्पंज आयर्नच्या भट्टीत तापमान सुमारे १००० अंश सेल्सिअस असतं आणि लोह वितळतच नाही. हे टप्पे त्या एका ओळीत कुठेच नसतात.