शब्द तोडताना

‘दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड’ हा पत्ता पायथॉन या संगणकभाषेतल्या, मजकूर तोडणाऱ्या ‘स्प्लिट’ला दिला, की पाच तुकडे मिळतात. ‘स्प्लिट’पुढचा कंस रिकामा ठेवला, तर सलग कितीही स्पेस, टॅब किंवा नव्या ओळी आल्या तरी ती एकच फट धरली जाते. कंसात एक स्पेस दिली, तर मात्र दोन लागोपाठच्या स्पेसमधून रिकामा तुकडा निघतो. स्वल्पविराम दोन्ही वेळा शब्दालाच चिकटून राहतो.

मोडी लिपीतल्या जुन्या दस्तांत फटीवरून शब्द तोडण्याची ही युक्ती चालत नाही. मोडीला २०१४ साली युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात जागा मिळाली. पण त्या लिपीत शब्द सलग लिहीत, मध्ये फट सोडत नसत. तिथे शब्द तोडायला भाषेची जाण लागते. जुन्या नोंदी संगणकावर आणायच्या, तर मोडी वाचणारी माणसे आधी घडवायला हवीत.