एसीला न कळणारा दमटपणा

भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंश सेल्सिअसवर ठेवण्याचा नियम जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि वीजबचतीची चर्चा त्या एका आकड्याभोवतीच फिरत राहिली; परंतु शरीर घामाच्या बाष्पीभवनातून थंड होत असल्याने उकाड्याचा निम्मा हिशेब हवेतल्या बाष्पाकडे असतो. मे महिन्यात नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी १५ टक्केच बाष्प असताना, ओले कापड गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो, तर मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तोच २९ अंशांवर अडतो. या नोंदीला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि विदर्भात गारवा देणारा कूलर मुंबईत निरुपयोगी का ठरतो, हे त्यावरून उमगते.

गंमत अशी, की आधुनिक वातानुकूलनाचा उगम माणसाच्या सुखासाठी झालाच नाही. ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि कोरड्या हवेने आक्रसे. रंगीत चित्रांतील प्रत्येक रंग स्वतंत्रपणे छापला जात असल्यामुळे एक रंग दुसऱ्यावर नेमका बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये त्यावर जी यंत्रणा आखली, तिचे उद्दिष्टच आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवण्याचे होते. कागदाच्या वाट्याला आलेली ही काळजी पुढे घरातल्या माणसाच्या वाट्याला फारशी आली नाही.

घरगुती एसीचा थर्मोस्टॅट सहसा तापमानच मोजतो. हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या दवबिंदू तापमानाखाली आतील कॉइल असेल तोपर्यंतच तिच्यावर पाणी जमून नळीवाटे बाहेर जाते; जुलैत खोली मुळातच २७ अंशांवर असल्याने कॉम्प्रेसर थोड्याच वेळात थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर उरलेले पाणी वाफ होऊन खोलीत परतते. चादरी दमट राहतात, वैतागलेला माणूस आकडा २२ वर नेतो आणि कोरडेपणासाठी नाहक थंडी विकत घेतो. आर्द्रताही मोजणारे नियंत्रण अशा वेळी पंखा मंद ठेवून कॉइल पुरेशी गार राखू शकते, त्यामुळे २६-२७ अंशांतही खोली सुखद वाटते. मात्र 'ड्राय' हे बटण असले म्हणजे आर्द्रता मोजणारा संवेदक असतोच असे नाही. बऱ्याच यंत्रांत त्या बटणामागे मंद पंखा आणि ठरावीक वेळाने चालणारा कॉम्प्रेसर एवढेच असते, जाहिरातीत त्याला 'स्मार्ट' म्हटले तरी.