साडेचार हजार शब्दांतून पाच गुण

माणसाचा स्वभाव मोजायचा, तर सुरुवात कुठून करायची? १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती शब्दकोशापासून केली. माणसामाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा ठरतो, त्याला लोकांनी कधी ना कधी नाव दिलेलं असणारच, असा त्यामागचा तर्क. वेबस्टरच्या जाडजूड इंग्रजी कोशातून त्यांनी सुमारे १८ हजार शब्द काढले. क्षणिक मनःस्थितीचे, निव्वळ स्तुती-निंदेचे असे शब्द बाजूला केल्यावर टिकाऊ स्वभाव सांगणारे साधारण साडेचार हजार उरले.

तिथून पाचावर कसं आलं, हे सहसा सांगायचं राहून जातं. मला तर तोच या विषयाचा गाभा वाटतो. १९४०च्या दशकात रेमंड कॅटेल यांनी जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र करत यादी ३५ वर आणली. आता समजा, ओळखीच्या माणसांना अशा प्रत्येक विशेषणासाठी गुण द्यायचे आहेत. ज्याला 'बोलका' म्हणून जास्त गुण मिळतात, त्याला 'मिळूनमिसळून वागणारा' म्हणूनही जास्त मिळतात, 'घुमा' म्हणून कमी. पण तो नीटनेटका असेल की नाही, याचा त्यावरून फारसा अंदाज येत नाही. 'नीटनेटका'ची सोबत 'वक्तशीर' आणि 'चिकाटीचा' यांच्याशी. असे एकत्र वरखाली होणारे शब्द गणिताने हुडकून त्यांचे गट पाडायचे, याला घटक विश्लेषण म्हणतात. १९६१ साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांनी आठ वेगवेगळ्या नमुन्यांवर हे करून पाहिलं. पुन्हापुन्हा पाचच गट वर आले.

बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबाबतचा खुलेपणा हे ते पाच. कर्तव्यदक्षतेचा नोकरीतल्या कामगिरीशी संबंध जवळजवळ सगळ्या व्यवसायांत दिसतो. भावनिक अस्थिरता हे नाव मात्र घाबरवतं. तो आजार नव्हे. चिंता, चिडचिड, उदासी किती चटकन आणि किती तीव्रतेने येते, त्याचं ते माप आहे.

अमका अंतर्मुख, तमका बहिर्मुख अशी माणसांची वाटणी मला पटत नाही, कारण आकडेच ती करत नाहीत. प्रत्येक गुण ही एक सलग पट्टी आहे आणि बहुतेक जण तिच्या मध्याच्या आसपास असतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून या गुणांतल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. तुमचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. वयाबरोबर गुण सरकतातही: तरुणपण ओलांडताना सरासरीने कर्तव्यदक्षता आणि सौहार्द वाढतं, अस्थिरता उतरते.

हे पाच गट अनेक देशांत, अनेक भाषांत सापडले, पण त्यातले बरेचसे अभ्यास शिकलेल्या, शहरी लोकांवर झालेले. बोलिव्हियाच्या जंगलात शेती, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथे हे पाच गट नीट जुळून आले नाहीत. त्याऐवजी दोनच मोठे गट दिसले: इतरांशी मिळूनमिसळून वागणं आणि कष्टाळूपणा.