विद्यापीठीय संशोधन

विद्यापीठांतून अध्यापनाच्या जोडीने चालणारे नव्या ज्ञानाचे पद्धतशीर अन्वेषण. निसर्गविज्ञाने, गणित, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या या सर्वांतील संशोधनाचा त्यात अंतर्भाव होतो. औद्योगिक प्रयोगशाळांतील संशोधनाचा विषय बहुधा पूर्वनिश्चित प्रयोजनाने ठरतो. विद्यापीठात मात्र तो पुष्कळदा त्या त्या शाखेतील अनिर्णित प्रश्नांतून निघतो. पुराव्याविषयीच्या भिन्न कल्पना असलेल्या शाखा एकाच संस्थेत एकत्र नांदतात, हे या संशोधनाचे आणखी एक वैशिष्ट्य होय.

ऐतिहासिक आढावा : अध्यापन व संशोधन ही एकाच संस्थेची परस्परपूरक कार्ये होत, ही कल्पना जर्मनीत दृढ झाली. व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) याच्या प्रेरणेने १८१० मध्ये स्थापन झालेले बर्लिन विद्यापीठ हे तिचे प्रमुख उदाहरण मानले जाते. तत्पूर्वी १७८७ मध्ये हाल येथे एफ्. ए. व्होल्फ याने अभिजात भाषांच्या अभ्यासासाठी चर्चासत्र सुरू केले होते. १८२४ पासून गीसेन येथे युस्टुस फोन लीबिक या रसायनशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच संशोधनाचे शिक्षण देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाने (स्थापना १८७६) याच आदर्शाचा स्वीकार केला.

भारतात १८५७ मध्ये स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे आरंभी मुख्यत्वे परीक्षा घेणाऱ्या संस्था होत्या. १९०४ च्या विद्यापीठ अधिनियमानंतर त्यांचे अध्यापन व संशोधनविषयक कार्य वाढले. आशुतोष मुखर्जी (१८६४–१९२४) यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय १९१४ मध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, तर १९३३ मध्ये रासायनिक तंत्रविद्येचा विभाग स्थापन झाला. या दुसऱ्या विभागातून विकसित झालेल्या संस्थेस २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पद्धतींची विविधता : प्रायोगिक विज्ञानांत नियंत्रित परिस्थितीत केलेला व इतरांना पुन्हा करून पाहता येणारा प्रयोग हा निर्णायक पुरावा असतो. गणितात हे स्थान तर्कशुद्ध सिद्धतेस असते. भूविज्ञान, पुरातत्त्वविद्या व मानवशास्त्र यांत प्रत्यक्ष क्षेत्रीय पाहणीस महत्त्व येते. इतिहास व भाषाभ्यास यांत दस्तऐवज, हस्तलिखिते आणि त्यांची पाठचिकित्सा यांवर भर असतो. या भेदांनुसार लागणारा काळ व साधनेही बदलतात. सत्येंद्रनाथ बोस यांना ढाका विद्यापीठात शिकविताना प्लांकच्या प्रारण नियमाची प्रचलित उपपत्ती असमाधानकारक वाटली. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेली नवी उपपत्ती काही पृष्ठांतच मावते व तिच्यातून पुंज सांख्यिकीची एक शाखा उदयास आली. याउलट, पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये आरंभिलेल्या ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशासाठी सु. १,५०० ग्रंथांतून शब्दनोंदी जमविण्यात आल्या. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील काम एकविसाव्या शतकातही चालू राहिले.

शाखांचे परस्परावलंबन : पद्धती भिन्न असल्या, तरी शाखा एकमेकींवर अवलंबून असतात. किरणोत्सर्गी कार्बन कालमापन हे याचे बोलके उदाहरण होय. शिकागो विद्यापीठात विलर्ड लिबी व त्याचे सहकारी यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धती विकसित केली. सजीवाच्या मृत्यूनंतर त्यातील कार्बन–१४ चे प्रमाण ठराविक गतीने घटते. त्याचे अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे आहे. पद्धतीची सत्यता पडताळण्यासाठी वय आधीच ज्ञात असलेले नमुने आवश्यक होते. ईजिप्तच्या प्राचीन राजांच्या कबरींतील लाकूड त्यासाठी वापरण्यात आले. त्या राजांचा काळ जुन्या लेखांच्या व राजावळींच्या वाचनातून इतिहासकारांनी निश्चित केलेला होता. अशा रीतीने भौतिकी व रसायनशास्त्र यांतील एका शोधाची कसोटी मानव्यविद्येने पुरविली. पुढे वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून वातावरणातील कार्बन–१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते असे दिसून आले व त्यानुसार कालगणनेत सुधारणा करण्यात आली.

या पद्धतीचा लाभ पुन्हा पुरातत्त्वविद्येस झाला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. १६०० ते ७०० असा ठरतो. घरांच्या अवशेषांबरोबरच धान्याचे जळके दाणे, जनावरांची हाडे आणि मानवी सांगाडे यांचाही तज्ज्ञांनी अभ्यास केला. इ. स. पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. या स्थित्यंतरामागे वाढता शुष्कपणा हे कारण असावे, असे अनुमान उत्खनकांनी मांडले. केवळ मृत्पात्रांच्या अभ्यासातून ते शक्य झाले नसते.

मूल्यमापन : संशोधनास मिळणारा निधी मर्यादित असल्याने त्याचे मूल्यमापन अपरिहार्य ठरते. मात्र तात्कालिक उपयोग किंवा शोधनिबंधांची संख्या अशी एकच फूटपट्टी सर्व शाखांना लावल्यास दीर्घकाल चालणाऱ्या कार्यांवर अन्याय होतो. कोशकार्यात अनेक वर्षे केवळ सामग्री जमविण्यात जातात. सैद्धांतिक कार्याचा उपयोग आरंभी सांगता येत नाही. मद्रास विद्यापीठाने १९१३ मध्ये पदवी नसलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, तेव्हा त्यांच्या गणिताच्या व्यावहारिक उपयोगाचा प्रश्न निर्णायक ठरला नव्हता. एखादी शाखा निरुपयोगी म्हणून खंडित झाल्यास तिच्यावर विसंबलेल्या अन्य शाखांचीही हानी होते. जुने लेख वाचणारे विद्वान नसते, तर लिबीच्या पद्धतीस ऐतिहासिक काळातील तिचा पहिला पडताळा मिळणे कठीण झाले असते. म्हणून प्रत्येक शाखेचे मूल्यमापन तिच्या पुराव्याच्या स्वरूपानुसार व्हावे आणि शाखांची विविधता टिकवून धरणे हे विद्यापीठाचे कर्तव्य मानले जावे, हे इष्ट होय.